उद्दिष्ट रोपांचे की साठलेल्या कर्बाचे (कार्बनचे)?
कोल्हापूर जिल्ह्याचे वने-वृक्षांविषयीचे उद्दिष्ट लावलेल्या रोपांच्या संख्येत ठरवावे, अशी एक सूचना आहे; ती मोजणीला सोयीची असली तरी मला पटत नाही. भारताने २०१५ मध्ये पॅरिस हवामान करारासाठी दिलेले वचन रोपांचे नसून, २०३० पर्यंत वने व वृक्षाच्छादनातून २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका अतिरिक्त कर्बसाठा उभारण्याचे आहे. शिवाय भारतीय वन सर्वेक्षण ही सरकारी संस्था १ हेक्टर वा अधिक क्षेत्रावर झाडांच्या फांद्या-पानांचे किमान १० टक्के छत्र असले की फळबागाही वनाच्छादनात धरते. त्यामुळे आजरा-चंदगडकडे जंगल तुटून तिथे काजू उभा राहिला, तरी कागदावर आच्छादन तेवढेच दिसू शकते (रोपे मोजणाऱ्याला तर ती प्रगतीच वाटेल). म्हणून राधानगरी-दाजीपूरचे उभे जंगल आणि त्याखालच्या मातीतला कर्ब राखणे हे उद्दिष्टात स्वतंत्रपणे आणि आधी नोंदवावे; उसाच्या बांधावरची लागवड त्यानंतर यावी.