अनुभव धागा: अवघड गेम आणि हातातला कन्सोल

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत 'डार्क सोल्स', 'एल्डन रिंग', 'मॉन्स्टर हंटर' खेळणारे बरेच निघाले, आणि त्यातले पुष्कळ जण टीव्हीसमोर बसून नाही, हातात धरून खेळतात. या गेममध्ये पदोपदी मरण. मग छोट्या पडद्यावर, घरच्या गडबडीत मजा कशी येते? सविस्तर लिहा. नावाच्या जागी आपापल्या वस्तीचं नाव आहे. सुरुवात मी, सुदामानगरचा, करतो.

सुदामानगर
'डार्क सोल्स' मूळ 2011चा. रिमास्टर्ड, म्हणजे चित्रं सुधारलेली, आवृत्ती ऑक्टोबर 2018मध्ये स्विचवर (निन्टेन्डोचा हातात धरायचा कन्सोल) आली, मी तीच खेळतो. या गेमला पॉज नाही. मेन्यू उघडला तरी समोरचा वार करतच राहतो. आमचं घर एकत्र कुटुंबाचं. बेल वाजते, कुकर बंद करायचा असतो, आजीची गोळी असते. स्विचचं वरचं बटण दाबलं की कन्सोल झोपतो आणि गेम त्याच क्षणावर थांबतो. एकदा गेममधल्या छपरावर गार्गॉइलने (पंखवाल्या दगडी राक्षसाने) कुऱ्हाड उगारलेली असताना आजीची हाक आली. गोळी देऊन आलो, स्विच उघडला, कुऱ्हाड तिथेच! लगेच लोळण घेतली आणि वाचलो.

ही दोन गार्गॉइलांशी लढत मला मनापासून आवडते. पहिल्याची ताकद निम्म्यावर आली की दुसरा उतरतो आणि लांबून आग ओकतो. घाई केली की दोघांच्या कात्रीत सापडलातच. नवीन मंडळींनी आधी गेममधल्या शेकोटीपाशी ह्युमॅनिटी ही वस्तू वापरून प्रेतासारख्या रूपातून माणूस व्हावं, मग सोलेअर या योद्ध्याला मदतीला बोलावता येतं. एकजण त्याच्या मागे लागतो. तलवारीला गोल्ड पाइन रेझिन (तलवारीत वीज भरणारा राळ) चोळा, गार्गॉइलला वीज सोसत नाही.

रामबाग
आमची सुरुवात पीएसपीवर (सोनीचा जुना हातातला कन्सोल), 'मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट'पासून. दिवाळीत मामेभाऊ जमायचे. इंटरनेट नसलं तरी चार पीएसपी आपसात जोडता यायचे. अॅनालॉग स्टिक एकच, कॅमेरा डाव्या बाजूच्या बटणांवर. म्हणून अंगठा स्टिकवर आणि तर्जनी वाकडी करून बटणांवर. बोटं आखडायची. टायग्रेक्स हा वाघासारखा राक्षसी प्राणी अंगावर धावून यायचा, पुढे जाऊन गर्रकन वळायचा आणि पुन्हा यायचा. त्यात शिकारी स्वतः बलवान होत नाही, मारलेल्या प्राण्याच्या खवल्या-नखांतून चिलखत घडवावं लागतं. टायग्रेक्सचं चिलखत पुरं झालं त्या रात्री आम्ही चौघं सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खायला गेलो. तो आनंद कुठल्याच सोप्या गेमने दिला नाही.

राजेंद्रनगर
मी अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाते-येते, वरच्या बर्थवर स्टीम डेकवर (हातात धरायचा गेमिंग संगणक) 'एल्डन रिंग'. यंत्र 669 ग्रॅमचं, आडवं पडून हात दुखतात, उशी मांडीवर घेऊन बसते. सेकंदाला तीस फ्रेमची (चित्रांची) मर्यादा घातली की बॅटरी जरा जास्त पुरते, तरी चार्जर जवळ हवाच. मार्गिट हा सुरुवातीचा मोठा शत्रू काठी उगारतो आणि थांबतो. आपण घाबरून आधीच लोळलो की मग मारतो. त्याची काठी खाली यायला लागेपर्यंत थांबायचं, हे मला गाडीतच जमलं. घरी मी चिडून बंद करायचे. गाडीत दुसरं काही करण्यासारखं नसतं, म्हणून शांतपणे बघत बसले.

लोकमान्यनगर
वय पन्नाशीपुढे, चष्मा आहे. 'डार्क सोल्स'ची कथा वस्तूंच्या वर्णनांत दडलेली, आणि माझ्या स्विचच्या 6.2 इंची पडद्यावर ती अक्षरं बारीक. सेटिंगमधून झूम सुरू करा, मग होम बटण दोनदा दाबलं की पडदा मोठा होतो. एकेक अंगठी, एकेक ढाल वाचत बसतो. मुलगा म्हणतो, बाबा, लढा की! पण मला ते वाचणंच आवडतं.

सुदामानगर
लोकमान्यनगरचे काका, 'डार्क सोल्स'मधल्या ऑर्नस्टीन-स्मॉ या जोडशत्रूंपर्यंत पोचलात का? दोघांतला जो मागे उरतो तो दुसऱ्याची ताकद घेतो. मी स्मॉला आधी पाडतो, मग ऑर्नस्टीन अवाढव्य होतो, पण खांबांआड फिरत त्याला गाठता येतं. तुम्ही कोणाला आधी मारता, तेही लिहा.