दगडाच्या पायरीवर गाडी दोनदा फसली की विंच (गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र) लावायचा, की गाडी स्वतःच्या चाकांवर चढेपर्यंत थांबायचं?

माजिवडेकर
गेल्या रविवारी आम्ही चौघं मित्र तीन गाड्या घेऊन शिळफाट्याच्या पलीकडे एका बंद दगडखाणीत गेलो होतो. जागा खाजगी, मालक ओळखीचा, परवानगी घेतलेली. खाणीच्या टोकाला काळ्या दगडाची गुडघ्याच्या वर येईल एवढी पायरी आहे आणि तिच्या डावीकडे घळ. मित्राची थार २०२० नंतरची. पुढचा चढण-कोन (बंपर न टेकता गाडी किती उभ्या चढाला भिडू शकते तो) जवळपास ४२ अंश, त्यामुळे नाक सहज वर जातं. पण पोटाखाली जागा २२६ मिलिमीटर, तिथं गाडी टेकते. दोन प्रयत्न झाले, दोन्ही वेळा डावं पुढचं चाक हवेत. तिसऱ्या वेळी त्याला थांबवून आम्ही विंच लावला. तो एवढा दुखावला, की महापेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

माझं मत असं की दोन प्रयत्न पुरे. तिसऱ्या वेळी माणूस रागानं ॲक्सिलरेटर दाबतो. क्लचचा वास आम्हाला बाहेर उभं राहून येत होता.

खारघरची जिमनी
दादा, अजिबात पटलं नाही. प्रयत्न मोजून काय होणार? दोन प्रयत्नांमध्ये बदललं काय, ते सांगा. चाकाखाली दगड लावले का? टायरची हवा कमी केली का? दोन्ही वेळा त्याच रेषेतून गाडी घातली असेल, तर तो एकच प्रयत्न झाला.

आम्ही अशाच एका पायरीवर पावणेदोन तास घालवले. चार प्रयत्न. दर वेळी खाली उतरलो, एकेक दगड हलवला, फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) पहिल्यात गाडी चालत्या माणसाहून हळू नेली. चाक एकदाही गरगरलं नाही. शेवटी चढली तेव्हा माझे हात थरथरत होते. दुसऱ्या प्रयत्नाला कुणी दोर लावला असता, तर ती पायरी मला आजही कळली नसती. तुमच्या मित्राचं दुःख मला समजतं.

ऐरोलीचा जिप्सीवाला
विंच लावला म्हणजे सुरक्षित झालो, हे तुम्ही दोघांनीही धरून चालला आहात. दगडात मला सर्वात जास्त भीती वाटते ती दोराचीच. तारेचा दोर ताणात तुटला की चाबकासारखा उलटतो. दोरावर जाड गोधडी किंवा ओली पोती टाकली होती का? माणसं किती लांब उभी होती? आणि स्नॅच पट्टा (फसलेली गाडी झटक्यानं ओढायचा ताणला जाणारा पट्टा) टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीही अडकवू नका. तो गोळा झटका सोसायला बनवलेला नसतो. तुटला तर सरळ समोरच्या काचेतून आत येतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं गेली आहेत.

आता गाडीचं. थारचा पुढचा सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात, म्हणून अशा जागी पुढचं चाक लवकर उचललं जातं. जिमनीला पुढेमागे सलग ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं. माझ्या जिप्सीलाही सलग ॲक्सल, फक्त स्प्रिंगचे पाटे कडक. त्यामुळे जिमनीला जी रेषा जमली ती थारला जमेलच असं नाही, ताई. थारच्या मागच्या डिफला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल) दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक असेल, तर तो चाकांच्या फिरण्यात फरक पडल्यावरच लागतो. तेवढं चाक फिरू द्यावं लागतं, आणि नवखा माणूस नेमका तिथंच पाय काढतो.

हवेचंही जपून. नदीतल्या गुळगुळीत गोट्यांवर १८ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) ठीक. खाणीतला दगड फोडलेला, त्याला धार असते. हवा फार कमी केली की साइडवॉल (टायरची बाजू) फुगतो आणि तिथंच चिरतो. मी खाणीत २२ च्या खाली जात नाही.

आणि बाजूनं वाट होती का? होती तर त्या वाटेनं जायचं. मी अनेकदा गेलोय.

घणसोली ४×४
काका, बाकी सगळं मान्य, शेवटचं नाही. बाजूनंच जायचं तर एवढ्या उन्हात तिथं जायचंच कशाला? अवघड आहे म्हणूनच जातो आपण.

येऊरच्या पायथ्याशी
खाणीत काय करायचं ते करा, तिथं आता उगवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण ‘अवघड आहे म्हणूनच जातो’ हे वाक्य वाचून कुणीतरी पहिल्या पावसात येऊरला गाडी घालेल, म्हणून लिहितेय. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथं परवानगीशिवाय गाडी आत नेणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमच्या टेकड्यांवर दगडावरची माती वीतभरसुद्धा नसते. ओल्या उतारावर एकदा चाक गरगरलं, की त्या चाकोरीतून पाणी धावतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं ओहोळ झालेला असतो. मी स्वतः पाहिलंय.

खारघरच्या ताईंनी चाक फिरू न देता चार प्रयत्न केले, याचा मला आदर आहे.

माजिवडेकर
मित्राला धागा वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, दोन्ही वेळा रेषा तीच होती आणि हवा ३२ वरच होती. म्हणजे ताई, तुमचा मुद्दा बरोबर, आम्ही त्याला खरी संधी दिलीच नाही. काका, गोधडी टाकली होती, पण माणसं फार जवळ होती. हे मला आधी लक्षात यायला हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. थांबायचं कधी, हे बाहेर उभ्या स्पॉटरनं (ड्रायव्हरला वाट दाखवणाऱ्यानं) ठरवावं. आत बसलेल्याला घळ दिसत नाही.

खारघरची जिमनी
दिशा स्पॉटरनं द्यावी, आणि तीही एकानंच, चौघांनी ओरडायचं नाही. तो ‘थांब’ म्हणाला की ब्रेक, तिथं वाद नाही. पण दोर लावायचा की आणखी एक दगड लावून बघायचं, हे ज्याच्या हातात स्टिअरिंग त्यानंच सांगावं. मी हा हक्क सोडणार नाही.

माजिवडेकर
मग पाऊस लागायच्या आत परत जाऊ. मालकाला आजच फोन करतो. काका, तुम्ही स्पॉटर म्हणून याल का? आणि कॉम्प्रेसर कुणाकडे आहे? २२ वर उतरवलेली हवा शिळफाट्याच्या डांबरावर येण्याआधी परत भरावी लागेल.