मुलाखत घेणाऱ्याचे ‘छुपे संकेत’ : एक आक्षेप

पाइपवाला (जळगाव)

सध्या आपल्या भागातील तरुणांच्या गटांमध्ये ‘मुलाखत घेणाऱ्याच्या मनातले ओळखा’ अशी एक पोस्ट फिरत आहे. समोरच्याने घड्याळाकडे पाहिले की आपला पत्ता कटला असे समजावे, तो पुढे झुकून बसला की निवड पक्की, पाणी विचारले नाही तर आशा सोडावी, आणि संवादाचा 93 टक्के भाग शब्दांवाचूनच होत असतो, असा तिचा एकूण सूर आहे. मी एमआयडीसीतील एका पाइप कारखान्यात भरतीचे काम पाहतो. या पोस्टमुळे प्रत्यक्षात काय नुकसान होते ते डोळ्यांसमोर घडल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे डिप्लोमा झालेला एक मुलगा आला होता. पाइपच्या भिंतीची जाडी कमी-जास्त का होते, या प्रश्नाचे उत्तर तो फार चांगले देत होता. तेवढ्यात उत्पादन व्यवस्थापकांनी दोनदा मोबाइल पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मुलगा एकदम मिटला. पुढची उत्तरे ‘हो’ आणि ‘नाही’ यांतच संपली. वस्तुस्थिती अशी होती की वीज गेल्याने एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणारे यंत्र, थांबला होता. त्याच्या तापलेल्या बॅरलमध्ये (नळकांड्यात) पीव्हीसी प्लास्टिक अडकून राहिले की जळते आणि मग स्क्रू बाहेर काढून साफ करण्यात अख्खी पाळी वाया जाते. त्या आठ्या बॅरलसाठी होत्या.

राहिला तो 93 टक्क्यांचा आकडा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांतून तो आला. सुटा शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांत विसंगती असेल तर ऐकणारा बोलणाऱ्याची आवड-नावड कशावरून ठरवतो, एवढाच त्या प्रयोगांचा विषय होता. सगळ्या संवादाला हे गणित लागू होत नाही, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे.

नंदुरबारी (सध्या पुणे)

भाऊ, तुम्ही टेबलाच्या ज्या बाजूला बसता, तिथून हे सगळे हास्यास्पद वाटणारच. आमच्या बाजूने पाहा. रात्रभर बसने प्रवास करून, स्टँडवरच तोंड धुऊन आम्ही मुलाखतीला पोहोचतो, दहा मिनिटांत बाहेर येतो आणि ‘आम्ही कळवू’ हे शब्द घेऊन परततो. त्यानंतर मेल नाही, फोन नाही, आणि आपण केला तर उचलला जात नाही. ज्याला कोणीच काही सांगत नाही, त्याने कपाळावरच्या आठ्या वाचायच्या नाहीत, तर काय करायचे?

शिवाय सगळेच संकेत खोटे असतात, हेही मला मान्य नाही. एका कंपनीत माझी मुलाखत डेटाबेसवर उत्तम चालली होती. मध्येच ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले गेले. मी शहाद्याजवळचे गाव सांगितले. त्यानंतर तांत्रिक प्रश्न बंदच झाले आणि पुण्यात करमते का, इंग्रजीत बोलायची सवय आहे का, गावी वारंवार जावे लागते का, अशी चौकशी सुरू झाली. निवड झाली नाही, हे वेगळे सांगायला नकोच. तेव्हापासून मी प्रश्नांची खोली मोजतो. उत्तरातून पुढचा प्रश्न निघत असेल, तर समोरच्याला रस आहे. कागदावरचा पुढचा प्रश्न येत असेल, तर तो वेळ काढत आहे.

पाइपवाला

प्रश्नांच्या खोलीचा मुद्दा मी अर्धाच मान्य करतो. नीट घेतलेल्या मुलाखतीत सर्व उमेदवारांना मुद्दाम तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले जातात आणि तशीच मुलाखत अधिक भरवशाची असते. 2022 मध्ये मानसशास्त्रज्ञ सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या संशोधनाचा फेरआढावा घेतला, तेव्हा पुढच्या कामगिरीशी ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा सहसंबंध 0.42 आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा 0.19 निघाला (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ). म्हणजे ज्याला तुम्ही ‘वेळ काढणे’ म्हणता, ती कदाचित तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून घेतलेली काळजी असेल.

गावाचा प्रश्नही दरवेळी वाईट हेतूने विचारला जात नाही. आमच्याकडची रावेर-यावलची काही मुले केळीच्या कापणीत आठवडाभर दिसत नाहीत. माणूस टिकेल की नाही, याचा अंदाज घ्यावाच लागतो.

नंदुरबारी

सहसंबंध 0.19! म्हणजे तुमच्यातले गप्पा मारून माणूस पारखणारे स्वतः जवळपास अंधारात तीर मारतात आणि आम्ही मात्र चेहरा वाचला की अंधश्रद्धाळू ठरतो. हा आकडा दिल्याबद्दल मनापासून आभार.

केळीबद्दल लिहिताना जरा जपून लिहावे. ज्या मुलाच्या घरी बाग आहे, त्याला सुट्टीचे नियम आधी सांगा आणि तो त्यांना तयार आहे का, हे सरळ विचारा. गाव विचारून मनातल्या मनात शिक्का मारणे याला अंदाज घेणे म्हणत नाहीत.

बोरीकाठ (अमळनेर)

दोघेही पुरुष आहात, म्हणून गावाच्या प्रश्नावर एवढी चर्चा करू शकता. आम्हाला छुपे संकेत शोधावे लागत नाहीत; ते थेट विचारले जातात. लग्न ठरले आहे का, सासर कुठले असेल, घरून परवानगी आहे का, बाळाचा काही विचार आहे का. एका ठिकाणी लेखापालाच्या जागेसाठी मी जीएसटीच्या विवरणपत्रांची तयारी करून गेले होते. त्या विषयावर एक प्रश्न आला आणि उरलेला सगळा वेळ माझ्या साखरपुड्यावर गेला. ते गृहस्थ अतिशय गोड बोलत होते, पुढे झुकून बसले होते, चहाही मागवला होता. त्या पोस्टप्रमाणे माझी नेमणूक व्हायला हवी होती.

1976 च्या समान वेतन कायद्यानेच भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली होती. हे मला तेव्हाही ठाऊक होते आणि तरी मी हसून उत्तरे दिली, कारण नोकरीची गरज मला होती.

डाळमिल

ताई, राग मानू नका, पण मालकाचीही एक बाजू असते. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची रजा 26 आठवड्यांची झाली आहे. माझ्याकडे कार्यालयात मोजकी माणसे आहेत. हंगामात तूर येते, त्या वेळी हिशेब पाहणारी व्यक्ती सहा महिने नसेल आणि तिचा पगारही चालूच ठेवायचा असेल, तर छोट्या उद्योजकाने काय करावे? मी लग्नाचा प्रश्न विचारतो, आणि तो तोंडावर विचारतो. मनात ठेवून नकार देणाऱ्यांपेक्षा ते प्रामाणिकपणाचे नाही का?

बोरीकाठ

बापू, प्रामाणिकपणाची ही व्याख्या थोर आहे. आता हिशेबाचेच बोलू, कारण माझा तो विषय आहे. तुमच्या मिलला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल आणि त्या मुलीचा पगार महिना 21,000 रुपयांच्या आत असेल, तर प्रसूती लाभाची रक्कम ईएसआय महामंडळ देते. तुम्ही फक्त दरमहा 3.25 टक्के वर्गणी भरता आणि ती पुरुष कामगारांसाठीही भरताच. आपल्याकडच्या डाळ मिलमध्ये हिशेब लिहिणाऱ्या मुलीला 21,000 च्या वर पगार कोण देतो, तेही एकदा सांगा. ज्या खर्चाची भीती घालून तुम्ही मुलींना परत पाठवता, तो तुमच्या वहीत बहुधा नोंदवलेलाच नसेल.

डाळमिल

पैसे महामंडळ देईल, पण काम कोण करील? बदली माणूस शोधायचा, त्याला शिकवायचे, आणि तो शिकेपर्यंत आधीची व्यक्ती परत. येथे भाषणे देणे सोपे आहे. स्वतः चार माणसांचे पगार करून दाखवा, मग बोलू.

निवृत्त मास्तर (चोपडा)

वाद वैयक्तिक होऊ नये, अशी विनंती. पण संकेतांचा विषय निघालाच आहे तर खासगी शिक्षण संस्थांच्या मुलाखतींबद्दल कोणीच कसे लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. तेथील संकेत ओळखायला कोणत्याही पोस्टची गरज नाही. अध्यक्ष महोदय तुमच्या पदव्यांची फाइल न उघडताच बाजूला ठेवतात, घरी शेती किती आहे ते विचारतात आणि मग ‘संस्थेसाठी तुम्ही काय करू शकाल?’ असा प्रश्न येतो. शेतीच्या एकरांवरूनच ‘देणगी’चा आकडा ठरतो. माझ्या पुतण्याने या प्रश्नाला ‘मी विज्ञान मंडळ सुरू करीन’ असे उत्तर दिले. त्यावर समितीतील एक सदस्य खाली मान घालून हसले.

केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून अराजपत्रित गट ब आणि गट क पदांच्या मुलाखती बंद केल्या, तो निर्णय मला म्हणूनच पटला. जेथे समोरासमोर बसणे आले, तेथे गाव, जात, लग्न आणि शेत हे चारही येतातच.

पाइपवाला

मास्तर, लेखी परीक्षेने वेल्डर निवडून पाहा, म्हणजे कारखाना कसा चालतो ते कळेल. तरीही माझा मूळ मुद्दा भरकटला आहे, म्हणून पुन्हा मांडतो. वाचायचेच असेल, तर चेहऱ्यापेक्षा व्यवहार वाचावा. नोटीस पीरियड वाटाघाटीने कमी होईल का, मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप पाठवाल का, आधीच्या वरिष्ठांचा नंबर द्याल का, हे प्रश्न सहसा गंभीरपणे विचार चालू असल्याशिवाय कोणी विचारत नाही. आम्ही ज्याला खरोखर घेण्याच्या विचारात असतो, त्याला सुपरवायझरबरोबर शॉप फ्लोअरवर पाठवतो. आणि शेवटी ‘निर्णय कधीपर्यंत होईल आणि तो मला कोण कळवील?’ हे उमेदवाराने विचारावे. तारीख आणि नाव मिळाले, तर ठीक. मिळाले नाही, तर दुसरीकडे अर्ज चालू ठेवावेत.

नंदुरबारी

नोटीस पीरियड आणि पगार हल्ली अर्जातच भरून घेतात, त्यामुळे तो संकेतही फारसा उरलेला नाही. शेवटचा प्रश्न मात्र मी सोमवारच्या मुलाखतीत विचारणार आहे. आता तुम्हीही एक करा. ज्या मुलाला बॅरलच्या आठ्या स्वतःच्या वाटल्या, त्याला फोन करून वीज गेली होती एवढे तरी कळवा. तुम्हाला सगळे कळत होते आणि तुम्ही गप्प बसलात, हे तुमच्या पहिल्याच प्रतिसादात स्पष्ट दिसते.

पाइपवाला

तो निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. फोन करीन.

डाळमिल

ईएसआयचा मुद्दा मी आमच्या सीएंना विचारला. ताईंचे म्हणणे बरोबर निघाले. आमची वर्गणी इतकी वर्षे भरली जात आहे आणि मला कोणी हे सांगितले नव्हते. यापुढे पगाराचे कारण पुढे करणार नाही. हंगामातल्या बदली माणसाची अडचण मात्र आहे तशीच आहे, आणि तिच्यावर उपाय सुचवल्याशिवाय कोणी मला शिकवू नये.

बोरीकाठ

तूर येण्याच्या हंगामात दोन महिन्यांसाठी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुले ठेवा. अमळनेर, चोपडा, जळगाव, कुठेही मिळतील. मुलाखतीत त्यांना टॅलीवर एक दिवसाच्या नोंदी करायला सांगा आणि बाकी काही विचारू नका.