मदत हवी आहे: मोबाइल साइटचं रूप बदललं, एंगेजमेंट वाढली, नोंदण्या मात्र तेवढ्याच

स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्यांची साइट आहे. मोबाइलवर रोज साधारण १,२०० नवे वापरकर्ते येतात, त्यातले २ टक्के नोंदणी करतात. मागच्या महिन्यात सगळ्यांसाठी एकदमच नवी रचना लावली: लांबलचक अर्जाचे तीन टप्पे केले, मुखपृष्ठ आखूड केलं. जीए४ (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४, साइटवरची ये-जा मोजणारं साधन) मध्ये एंगेजमेंट रेट, म्हणजे एंगेज्ड भेटींचं प्रमाण, ४८ वरून ६१ टक्क्यांवर गेलाय, नोंदण्या तिथेच. नवी रचना खरंच चांगली आहे का, हे कसं मोजायचं? जुनी अजून सर्व्हरवर आहे.

प्रतिसाद १
आधी ते ६१ तपासा. सेशन (साइटची एक भेट) १० सेकंदांपेक्षा जास्त चाललं, दोन पानं पाहिली गेली किंवा की इव्हेंट (तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती) घडला, यातलं एक जरी झालं तरी जीए४ त्याला एंगेज्ड धरतं. टप्पा बदलताना यूआरएल बदलते का? बदलत असेल तर एन्हान्स्ड मेजरमेंट (जीए४ ची आपोआप होणारी मोजणी) त्यालाही पेज व्ह्यू मोजतं. कुणी 'पुढे' दाबून पाच सेकंदांत निघून गेलं, तरी ते एंगेज्डच! स्क्रोलचा इव्हेंटही पानाच्या ९० टक्क्यांवर सुटतो, त्यामुळे पान आखूड केलं की स्क्रोलचा आकडा आपोआप फुगतो. डीबगव्ह्यू (इव्हेंट येताना लगेच दाखवणारं जीए४ चं पान) उघडा आणि फोनवरून स्वतः अर्ज भरून बघा.

धागाकर्ता
बघितलं. प्रत्येक टप्प्याला पेज व्ह्यू पडतोय. सेटिंगमधला ब्राउझर हिस्ट्रीचा पर्याय बंद करतो. मग निदान नोंदण्यांची तरी आधीच्या महिन्याशी तुलना चालेल ना?

प्रतिसाद २
नाही चालणार. एमपीएससीची जाहिरात किंवा निकाल लागला की त्या आठवड्यात येणारी माणसंच वेगळी असतात. दोन्ही रचना एकाच वेळी, निम्म्या-निम्म्या लोकांना दाखवा. अशा चाचण्यांचं साधन असलेलं गूगल ऑप्टिमाइझ सप्टेंबर २०२३ मध्येच बंद झालं, तेव्हा वाटणी सर्व्हरवरच करा आणि कुकीही (कोण कुठल्या गटात हे ब्राउझरमध्ये लक्षात ठेवणारी खूण) सर्व्हरनेच द्या. जावास्क्रिप्टने लावलेली कुकी सफारी सात दिवसांत उडवतं, मग तोच माणूस परत आला की नवा म्हणून दुसऱ्या गटात पडू शकतो.

किती लोक लागतील? एका गटाला १६ × प × (१ − प) ÷ फ², यात प म्हणजे आजचा दर आणि फ म्हणजे पकडायचा फरक. २ टक्क्यांचे २.४ झालेले ओळखायचे तर १६ × ०.०२ × ०.९८ ÷ ०.००४² = १९,६००. दोन्ही गट मिळून ३९,२००, म्हणजे ३३ दिवस. पूर्ण पाच आठवडे चालवा, रविवार आणि सोमवारची गर्दी सारखी नसते. २.२ पकडायला गेलात तर चार महिन्यांहून जास्त लागतील, तेव्हा बटणाच्या रंगासाठी चाचणी लावू नका. आणि रोज आकडे पाहून 'जिंकलो' वाटलं त्या दिवशी थांबायचं नाही, निव्वळ योगायोगाने वर गेलेला आकडा तसाच पदरात पडतो.

प्रतिसाद ३
वरच्यात भर. निकाल बघण्याआधी गटांची संख्या बघा. २०,००० पैकी ९,९०० आणि १०,१०० ठीक. ९,६०० आणि १०,४०० आले तर वाटणीतच घोळ आहे. बहुतेकदा सीडीएन (पानांच्या प्रती साठवून देणारे मधले सर्व्हर) पहिल्याला मिळालेलं पानच पुढच्या सगळ्यांना देत असतं. कॅश कीमध्ये (कुठली साठवलेली प्रत द्यायची हे ठरवणाऱ्या खुणेत) गटाची कुकी घाला.

नोंदणी बटण दाबल्यावर मोजू नका, सर्व्हरवर ओटीपी जुळल्यावर मोजा. अर्ज दिसला, नंबर भरला, ओटीपी मागितला, ओटीपी जुळला, अशा चार नोंदी दोन्ही गटांसाठी वेगळ्या ठेवा. शेवटच्या दोहोंत गळती असेल तर दोष बहुधा रचनेचा नाही, एसएमएस उशिरा पोहोचतोय.

धागाकर्ता
गटाचं नाव जीए४ ला कसं कळवायचं?

प्रतिसाद ३
प्रत्येक इव्हेंटसोबत पॅरामीटर (जोडीची माहिती) म्हणून पाठवा आणि त्याची कस्टम डायमेन्शन (अहवालात गटवार आकडे दाखवणारं आपलं वर्गीकरण) चाचणी सुरू करण्याआधी बनवा. नंतर बनवलीत तर आधीच्या दिवसांचा डेटा त्यात येत नाही.