दांडा लांब करण्याआधी टॅपची शँक बघा

या चर्चेत वर कुणी तरी म्हटलंय की एम २४ चा (२४ मिमी व्यासाचा) टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, फिरत नसेल तर हँडलला पाइप लावून लांबी वाढवा. मला हे पटत नाही. ताकद मिळेल, पण टॅप तिरका चालला की तोच पाइप तो मोडून हातात देईल. एम १२ शी तुलना करा: त्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.७५ आणि एम २४ चा ३ मिमी. कापायचा माल पिचच्या वर्गाने वाढतो, त्यात व्यास दुप्पट. म्हणजे एम २४ ला जोर साधारण सहापट. मनगटाचा दोष नाही.

चर्चेत कुणी लिहिलं नाही ते असं: तीन टॅपचे सेट दोन तऱ्हेचे असतात. एकात तिन्हींचे आटे पूर्ण मापाचे, फरक फक्त तोंडाच्या उतारात. दुसऱ्यात पहिले दोन मुद्दाम कमी मापाचे असतात आणि काम तिघांत वाटलं जातं. या दुसऱ्या सेटच्या शँकवर (टॅपच्या मागच्या बिनआट्यांच्या दांड्यावर) पहिल्याला एक कडी, म्हणजे कोरलेली गोल रेघ, दुसऱ्याला दोन, शेवटच्याला एकही नाही. जाड पिचला हाच सेट घ्या, आणि क्रम चुकवू नका. मी एकदा घाईत बिनकड्यांचा आधी घातला, २० मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेटमध्ये अर्ध्यावर अडकला, काढताना संध्याकाळ गेली. आता एम २४ साठी आधी पाडायचं भोकही २१ ऐवजी २१.२ मिमी ठेवतो (टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात बसतं), आणि लेथचा टेलस्टॉक सेंटर (लेथच्या मागच्या टोकाची अणकुचीदार खिळी) टॅपच्या मागच्या खळीत टेकवून सुरुवात करतो. पहिले दोन-तीन आटे सरळ गेले की पुढे हातानं होतं.