कुंपणाची खालची तार बघा

प्रॉन्गहॉर्न (उत्तर अमेरिकेतला हरणासारखा दिसणारा प्राणी) कमी होण्याचं सगळं खापर काही जण कायोटींवर (कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी) फोडतात. कायोटी पाडसं मारतात, खरंय. पण मादीला बहुतेकदा जुळी होतात. चारापाणी बरं असेल तर कळप ही घट भरून काढतो.

खरी अडचण बघायची तर कुंपणांची आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात पाइनडेल गावाच्या बाजूला गेलात तर गाडी थांबवून कुंपणाची खालची तार बघा. काट्यांना पांढरट, पोकळ केसांचे झुपके लटकलेले दिसतात. ताशी ८०-९० किमी पळणारा हा गडी आपल्या काळविटासारखा उडी मात्र सहसा मारत नाही, तारेखालून सरपटत जातो. (तसा तो काळविटाचा नातेवाईकही नाही, जिराफाला जवळचा!) खालची तार बिनकाट्यांची आणि जमिनीपासून १६-१८ इंच वर असेल तर निभतं. मेंढ्यांसाठी लावलेली जाळी असेल तर वाटच बंद. एरवी वळसा घालेल, पण २०२२-२३ सारख्या कडक हिवाळ्यात तेवढी ताकद उरत नाही. त्याच हिवाळ्यात त्या भागात मायकोप्लाझ्मा बोव्हिस या जिवाणूच्या न्यूमोनियानेही शेकडो मेले.

आणि चीटग्रास विसरू नका. बाहेरून आलेलं हे गवत लवकर वाळतं नि भडकन पेटतं. त्यात सेजब्रश नावाचं झुडूप जळालं की परत यायला काही दशकं जातात. बर्फातून डोकं वर काढणारं हेच झुडूप तर यांचं हिवाळ्यातलं मुख्य अन्न. नैसर्गिक गॅसच्या विहिरी आणि त्यांचे रस्ते, हा त्रास वेगळाच.