अल्फा रोमिओ जीटीव्ही ६ : तयार घ्यावी की पडीक घेऊन उभी करावी?

मिलिंद_म्युनिक

जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की गाडी फेरारी-लँबोर्गिनीवर जाते, फार तर अल्फाच्या साठच्या दशकातल्या जुलिया कूपेपर्यंत येते. त्या कूपेचे भाव नोकरदाराच्या आवाक्याबाहेर जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या जागी १९७४ मध्ये आलेली अल्फेटा जीटी आणि १९८० मध्ये तिच्यात सहा सिलिंडर घालून केलेली जीटीव्ही ६ यांना मात्र अजूनही त्यांचा मान मिळालेला नाही. माझ्याकडे जीटीव्ही ६ आहे आणि माझं मत ठाम आहे. घ्यायची तर हीच घ्या. आणि चकाचक रंगवलेली घेऊ नका. पडून राहिलेली, रंग उडालेली, पण पत्रा शाबूत असलेली शोधा आणि स्वतः उभी करा.

आधी ही गाडीच का, ते सांगतो. पुढे अडीच लिटरचं (२४९२ सीसी) व्ही ६, १६० अश्वशक्तीचं. क्लच आणि गिअरबॉक्स मात्र मागे, डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला) जोडून. त्यामुळे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ सारखं बसतं. मागे डी डिऑन ॲक्सल आहे (दोन्ही चाकं एका नळीने जोडलेली, पण डिफरन्शियल वेगळं, बॉडीला बसवलेलं), आणि मागचे डिस्क ब्रेक चाकात नाहीत, गिअरबॉक्सला चिकटून आत आहेत. म्हणजे खड्ड्यावर चाकाबरोबर उसळणारं वजन कमी. ही मांडणी आकाशातून पडलेली नाही. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर फांजिओ १९५१ मध्ये ज्या अल्फेटा १५९ या शर्यतीच्या गाडीतून जगज्जेता झाला, तिलाही मागे गिअरबॉक्स आणि डी डिऑन होता. तोच विचार कारखान्याने रस्त्यावरच्या गाडीत आणला. त्यावर इटालियन डिझायनर जुजारोने काढलेली बॉडी. १९८२ ते १९८५ अशी सलग चार वर्षं युरोपियन टूरिंग कार स्पर्धेचं उत्पादकांचं विजेतेपद या गाडीने अल्फाला मिळवून दिलं. अशा गाडीला ‘दुय्यम अल्फा’ म्हणणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ते इंजिन! अल्फाचे इंजिनिअर जुझेप्पे बुस्सो यांचं. १९७९ मध्ये ‘अल्फा ६’ या मोठ्या सलूनमध्ये ते पहिल्यांदा आलं आणि बदलत बदलत २००५ पर्यंत बनत राहिलं. अरेझेच्या कारखान्यातून शेवटचं इंजिन बाहेर पडलं आणि काही दिवसांतच, जानेवारी २००६ मध्ये, बुस्सो गेले. चार हजार आरपीएमच्या वर त्याचा आवाज ऐकलेला माणूस पुन्हा चार सिलिंडरकडे वळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता पडीक का घ्यावी? कारण या गाडीचा शत्रू एकच, गंज. आणि ताज्या रंगाखाली तो दिसत नाही. पुढच्या काचेच्या रबराखालचे खालचे दोन कोपरे, दरवाज्यांखालची सिल, मागच्या चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा. काचेच्या कोपऱ्यातून पाणी शिरलं की ते आत गालिच्याखाली साचतं आणि फ्लोअर गंजून जातं. रंग उडालेल्या गाडीत हे सगळं उघडं असतं. नव्याने रंगवलेल्या गाडीत तुम्ही विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजता.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर जास्तच आवडेल.

अद्वैत_पी

मिलिंद, गाडीबद्दल शंभर टक्के सहमत, सल्ल्याबद्दल साफ असहमत.

गंज रंगाखाली लपतो, मान्य. पण त्यावर इलाज पडीक गाडी नाही. ज्या मालकाने बॉडी उघडी करून काम केलंय, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि बिलं ठेवलीत, त्याच्याकडून गाडी घ्यावी. जर्मनीत चांगल्या बॉडी शॉपचा तासाचा दर तुम्हाला माहीत आहे. दोन्ही सिल, काचेची चौकट आणि कमानी एवढं वेल्डिंग आणि नंतर पूर्ण रंगकाम धरलं, तर तेवढ्याच खर्चाने जीटीव्ही ६ ची किंमत ओलांडली जाते. इंजिनाला अजून हातही लागलेला नसतो. जुलिया कूपेवर असा खर्च केला तर बाजार तो परत देतो. जीटीव्ही ६ वर देत नाही. ती दुर्लक्षित आहे याचा अर्थच तो.

म्हणजे जो कोणी आधी उभी करून विकतोय, तो तोटा सोसून विकतोय. तो तोटा त्याचा होऊ द्या ना. तुम्ही चालवायला घ्या.

दुसरं, वेळ. दोन लहान मुलं घरात असलेल्या माणसाला ‘स्वतः उभी करा’ म्हणणं सोपं आहे. माझ्या ओळखीत एकाची गाडी लग्नाआधी खोलली, मुलगी शाळेत जायला लागली तरी ती तशीच लाकडी ठोकळ्यांवर आहे. गाडी प्रिय आहे म्हणूनच सांगतोय, अशाने गाड्या वाचत नाहीत, संपतात.

वैदेही_र

मी मुळात गाडीशीच असहमत. मागे गिअरबॉक्स हवाय ना? पोर्शे ९४४ घ्या. १९८२ ची, अडीच लिटरची, १६३ अश्वशक्तीची, म्हणजे कागदावर बरोबरीची. बॉडीला जस्ताचा मुलामा आहे, त्यामुळे मिलिंदने वर जी गंजाची यादी दिली ती बरीचशी गळून पडते.

आणि मांडणी तीच असली तरी अंमलबजावणी पाहा. पोर्शेने क्लच इंजिनापाशी ठेवला आणि इंजिनाची ताकद मागे नेणारा शाफ्ट एका कडक नळीत बसवला. अल्फाने क्लचही मागे नेला. त्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत तो लांबलचक शाफ्ट इंजिनाच्या वेगाने फिरत राहतो, गाडी सिग्नलला उभी असली तरी. त्याला सांभाळायला तीन रबरी कपलिंग, ज्यांना जिउबो म्हणतात, आणि मध्ये एक बेअरिंग. रबर चिरलं की आधी थरथर सुरू होते, आणि दुर्लक्ष केलं तर पुढे मोठं नुकसान. त्यात गिअरचा दांडा पुढे आणि गिअर मागे, मधला लिंकेज लांब, म्हणून गिअर टाकताना हाताला काही नीट कळत नाही. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर खरखर न करता बसवणारी कडी) तर बहुतेक गाड्यांत गेलेला असतो. थंड असताना पहिल्यावरून थेट तिसरा टाकणारे मालक मी पाहिलेत. हे कौतुकाचं नाही, हा डिझाइनचा दोष आहे.

मी नऊ ते सहा मशीन डिझाइनच करते, त्यामुळे मला सुंदर कल्पनेपेक्षा टिकणारी कल्पना जास्त आवडते.

मिलिंद_म्युनिक

वैदेही, शाफ्टबद्दलचं सगळं खरं आहे. सिंक्रोचंही. पण अल्फेटा सलून १९७२ ची आहे, तेव्हा पोर्शे ९२४ सुद्धा बाजारात यायची होती. आधी केलेल्या रचनेत उणिवा राहतात. आणि ९४४ ला बेल्टची कटकट नाही का? तिथे तर टायमिंग बेल्टबरोबर (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर मारणाऱ्या दांड्यांचा, दुसरा बेल्टही आहे.

जिउबो बदलणं अवघड नाही, नेमकेपणाचं आहे. नवं कपलिंग स्टीलच्या पट्टीने आवळलेलं येतं. पट्टी तशीच ठेवून बोल्ट बसवायचे, मगच ती कापायची. आधी कापली तर रबर फुगतं आणि भोकं जुळत नाहीत. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना खूण करायची, म्हणजे तो पुन्हा त्याच कोनात बसतो, नाहीतर बॅलन्स बिघडतो. आणि तीनही कपलिंग एकदम बदलायची. हे समजून केलेल्या गाडीत थरथर नावालाही नसते. मी हेच तर म्हणतोय, की स्वतः केलं की गाडी कळते. तयार गाडी घेतलेल्या माणसाला ही थरथर ‘जुन्या गाडीचा स्वभाव’ वाटते आणि तो तशीच चालवत राहतो.

जुने_फिटर

मी प्रभादेवीत तीस-पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. फियाट ११००, पद्मिनी, ११८ एनई. अल्फाला कधी हात लावला नाही. पण पत्रा तो पत्रा, म्हणून लिहितो.

मिलिंदराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. गाडी घेताना पत्रा विकत घ्यायचा, इंजिन नाही. इंजिन पुन्हा बांधता येतं. मोनोकोक गाडीचं (वेगळी चॅसी नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावर) सिल गेलं तर गाडी जॅकवर घेताच दरवाजा लागत नाही, हे मी पद्मिनीत कितीदा पाहिलंय. म्हणून बघायला जाल तेव्हा गाडी जॅकवर चढवून दरवाजा उघडून लावून बघा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सिलवरून आणि कमानीवरून फिरवा. जिथे तो सुटतो तिथे पुट्टी आहे. बोटाच्या पेराने ठोकलंत तरी पत्र्याचा आवाज वेगळा आणि पुट्टीचा बद्द आवाज वेगळा. हे नव्या रंगावरही कळतं. त्यामुळे रंगवलेली गाडी घ्यायचीच नाही, हे काही मला पटलं नाही.

आणि अद्वैत म्हणतात ते ध्यानात घ्या. गाडी एकदम सगळी खोलू नका. एक काम काढायचं, पुरं करायचं, गाडी चालवून बघायची, मग दुसरं. जी गाडी डब्यांत जाते ती डब्यांतच राहते. माझ्या गॅरेजच्या मागे अशी किती धूळ खात पडली होती. मालक आधी दर रविवारी यायचे, मग सणासुदीला, मग फोनही बंद.

अद्वैत_पी

काका, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं सांगितलंत.

सायली_कोथरूड

हे सगळं वाचून पुण्यात अशी एखादी गाडी आणावीशी वाटली. शक्य आहे का? नवऱ्याचं म्हणणं, स्वप्नं बघू नकोस.

मिलिंद_म्युनिक

सायलीताई, पूर्वी भारतात १९५० च्या आधीच्याच गाड्या अशा आणता यायच्या. २०२५ मध्ये नियम बदलला आणि पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना वाट मोकळी झाली. म्हणजे १९७४-७५ ची अल्फेटा जीटी आता बसते. जीटीव्ही ६ ला मात्र २०३० उजाडावं लागेल. सीमाशुल्क जबर आहे, ते आधी नीट विचारून घ्या.

पण मला अडचण वेगळीच वाटते. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नोंदणीची फी वीस हजार. अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ताम्हिणी घाटात पहाटे नेता येणार नसेल, तर अल्फेटा घेऊन करायचं काय? तिची सगळी किंमत वळणावर आहे.

वैदेही_र

ताम्हिणीचा मुद्दा मान्य, मग भले पोर्शे न्या.

एक प्रश्न राहिलाच, मिलिंद. ओरिजिनल किती ठेवायचं? व्ही ६ चा टायमिंग बेल्ट ताणणारा टेन्शनर मुळात हायड्रॉलिक आहे, इंजिन ऑइलवर चालणारा. तो गळतो, तेल बेल्टवर उडतं, आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. नंतरच्या अल्फांचा मेकॅनिकल टेन्शनर तिथे बसतो. तो बसवलात, तर गाडी ‘पूर्ववत’ केली असं म्हणायचं का? माझ्या मते खुशाल बसवावा. पण मग ‘बुस्सोंचं इंजिन जसंच्या तसं’ ही भाषा सोडावी.

हर्षद_ब्रे

नाही पटलं. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल. हायड्रॉलिक टेन्शनरची सीलं बदलून मिळतात. बेल्ट वेळेवर बदला, झाकण काढून तेलाचा मागमूस आहे का ते तपासत राहा. आज टेन्शनर, उद्या कोणी बॅटरी-मोटर घालेल. रेषा कुठेतरी ओढावी लागते, ती मी कारखान्याच्या दारात ओढतो. मूळ रूपातल्या जीटीव्ही ६ आधीच थोड्या उरल्यात. कितीतरी गाड्यांमधून इंजिन काढून ते दुसऱ्या अल्फांमध्ये घातलं गेलं.

मिलिंद_म्युनिक

हर्षद, शेवटचं वाक्य मलाही टोचतं. चांगल्या पत्र्याच्या गाड्या केवळ व्ही ६ साठी फोडल्या गेल्या.

पण टेन्शनरबाबत मी वैदेहीच्या बाजूने. बाहेरून दिसत नाही, काढून पुन्हा जुना बसवता येतो, आणि तो अख्खं इंजिन वाचवतो. माझ्या गाडीत मेकॅनिकल आहे. जुना हायड्रॉलिक, चिठ्ठी लावून, तेल लावलेल्या कागदात गुंडाळून फळीवर ठेवलाय. पुढच्या मालकाला हवा तर त्याने बसवावा. इथे जर्मनीत जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या एच पाटीसाठी गाडी तीस वर्षांची आणि मूळ रूपात असावी लागते. माझ्या तपासणीत टेन्शनर आड आला नाही. ती पाटी मिळाली की रस्ताकर सरसकट वर्षाला १९१ युरो ७३ सेंट, आणि जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात जायला आडकाठी नाही. अद्वैतच्या हिशेबात हेही धरलं पाहिजे.

आणि अद्वैत, काकांचं ऐकून मी माझं म्हणणं थोडं आवळतो. पत्रा शाबूत असेल तरच पडीक घ्या. सिल आणि काचेची चौकट दोन्ही गेली असतील तर हात जोडून परत या. दक्षिण इटलीत शोधा, तिथे रस्त्यावर मीठ पडत नाही. मात्र त्या काळात इटलीत दोन लिटरवरच्या गाडीला ३८ टक्के व्हॅट होता, त्यामुळे तिथे चार सिलिंडरची दोन लिटर जीटीव्ही जास्त सापडते, व्ही ६ कमी. दोन लिटरवालीही वाईट नाही, पण बघायला जाल तेव्हा आपण काय बघतोय ते माहीत हवं.

अद्वैत_पी

हिशेब तरीही तुमच्या बाजूने बसत नाही. एच पाटी तयार गाडीलाही मिळते! पण पुढच्या महिन्यात दक्षिण इटलीतल्या बारीजवळ एक १९८३ ची बघायला जातोय. मालकाने सिलचं काम केल्याचं सांगितलंय, फोटो मात्र पाठवलेले नाहीत.

जुने_फिटर

फोटो न पाठवणाऱ्याकडे लोहचुंबक घेऊनच जा. आणि दरवाजा जॅकवर लावून बघायला विसरू नका.